विंचवाचं बिऱ्हाड

डिसेंबर 2021 मधल्या एका रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी पुण्याहून गाडी घेऊन औशात आलो. गल्लीतली पोरं अजून जागी होती. शाळेत गणित शिकवणाऱ्या सरांनी स्पोर्ट्स कार घेतली, ही बातमी माझ्याआधी पोचलेली. पोरांनी गाडीला एक फेरी मारली, खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि एकाने निराश होऊन विचारलं, "सर, छप्पर उघडत नाही?"

नाही उघडत. दारंही चार आहेत, मागे तीन माणसं बसतात आणि लांबून पाहिलं तर ती साधी पांढरी फियाट पुंटोच आहे. फरक आत आहे आणि चाकावर आहे. चाकाच्या मधोमध एक विंचू आहे.

तो पहिल्यांदा दिसला अब्बांना. ते टॉर्च घेऊन बाहेर आले, सवयीप्रमाणे आधी टायर बघायला वाकले आणि तसेच थांबले.

"ये क्या है रे? बिच्छू?"

"कंपनीचं चिन्ह आहे अब्बा."

"बिच्छू का निशान लगाते क्या कोई गाडी पे," म्हणत ते उठले. मग बोनेटवर हात ठेवून किती गरम आहे ते पाहिलं आणि आत गेले. त्या रात्री एवढंच.

विंचवाची हकीकत अशी. कार्ल आबार्थ नावाचा माणूस 1908 साली नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नात जन्मला, म्हणून त्याची रास वृश्चिक. 1949 साली त्याने इटलीत कंपनी काढली आणि राशीचाच प्राणी चिन्ह म्हणून घेतला. साध्या, छोट्या फियाट गाड्या घ्यायच्या आणि त्यांना पळायला शिकवायचं, हा त्याचा धंदा. पुढे ही कंपनी फियाटनेच विकत घेतली. ऑक्टोबर 2015 मध्ये फियाटने हा विंचू आपल्याकडच्या पुंटोवर बसवला. गाडी तयार व्हायची पुण्याजवळ रांजणगावला. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद 145 अश्वशक्ती. त्या काळात आपल्या रस्त्यांवर धावणारी पेट्रोल स्विफ्ट 80 च्या थोडी वर होती, म्हणजे अंदाज येईल. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 8.8 सेकंदांत शून्याचे 100. किंमत 10 लाखांच्या जराशी आत.

गाडी फारशी खपली नाही. 10 लाखांत लोकांना उंच, मोठी गाडी हवी होती. बीएस-6 चे नियम एप्रिल 2020 पासून लागू झाले, त्याच्या आतच फियाटने आपल्या नावाच्या गाड्या भारतात बनवणं थांबवलं. रांजणगावचा कारखाना चालू आहे, जीप कंपास तिथेच बनते. पण फियाटची नवी गाडी आता मिळत नाही. म्हणून तर ती माझ्या आवाक्यात आली.

आमच्या घरात व्याज नको असा नियम आहे. मी फार कर्मठ माणूस नाही, जवळचे लोक हसतील अशा किती तरी बाबतींत ढिला आहे, पण हा एक नियम अब्बांनी पाळला आणि मीही पाळत आलो. अब्बांनी 1988 साली महिंद्राची जीप घेतली ती भिशी आणि दोन नातेवाइकांकडून घेतलेल्या बिनव्याजी उसन्यावर. तेव्हा माझ्यासाठी गाडीचा हिशोब सोपा होता. बँकेत जमलेले 6 लाख, त्याच्या वर एक रुपया नाही.

6 लाखांत 2021 साली नवी वॅगनआर येत होती. मी हे लपवत नाही, कारण घरात तीन महिने याच एका वाक्यावर चर्चा चालली. नवी वॅगनआर, वॉरंटीसह, सर्व्हिसिंग लातूरला, आपल्यापासून 20 किलोमीटरवर. बायकोचं म्हणणं शांत आणि बिनतोड होतं. "तुम्हाला गाडी हवी आहे की आठवण?" असं तिने एकदा विचारलं. 2002 साली मी पुण्यात शिकत होतो. मेसच्या समोर एक फियाट पॅलिओ उभी असायची, 1.6 वाली. तिची जाहिरात तेव्हा सचिन करायचा. मी रोज ताट घेऊन अशा जागी बसायचो की ती दिसावी. हे मीच तिला लग्नानंतर सांगितलं होतं. बायकोला असल्या गोष्टी सांगून ठेवू नयेत.

दुसरीकडे, टर्बो पेट्रोलची नवी गाडी म्हणजे 10 लाख. आय-20 एन लाइन त्याच वर्षी आली, तीही त्याच घरातली. म्हणजे माझ्या पैशात हे सुख मिळायचं तर जुनंच मिळणार, आणि तेही अशा कंपनीचं जी दुकान आवरून गेली आहे.

अब्बांनी मला फक्त एकदा समोर बसवून विचारलं. "इतने पैसे में नवी गाडी आती, मालूम है ना तेरेकू?"

"हौ."

"फिर?"

मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, "गाडी कौनसी भी ले. रस्ते पे खडी नै होना."

हे वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून ते टोचलं. अब्बांनी 21 वर्षं लातूर–औसा–किल्लारी या पट्ट्यात काळी-पिवळी चालवली. आत नऊ, मागे लटकलेले चार, टपावर गाठोडी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारला जमीन हलली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. आम्हाला अंगणात बसवून अब्बा जीप घेऊन किल्लारीकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी घरी आले. किल्लारी ते लातूर चाळीसेक किलोमीटर. जखमींना लातूरच्या दवाखान्यात सोडायचं आणि परत फिरायचं. किती खेपा झाल्या ते त्यांनी मोजलं नाही, की सांगितलं नाही. त्या दिवसांबद्दल ते एकच गोष्ट बोलायचे, की जीप एकदाही बंद पडली नाही. मागच्या शुक्रवारी फॅन बेल्ट बदलला होता म्हणे. जुना चालला असता अजून महिनाभर, पण बदलला होता.

तरी मी पुण्याला गेलोच. एकटा नाही, लातूरच्या उस्तादांना घेऊन. उस्तादांना दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं दिलं, आणि जुनी गाडी घेणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन की हा खर्च वाचवू नका. गाडी 2016 ची, 71 हजार किलोमीटर चाललेली, मालक कंपनीत काम करणारा तरुण. त्याने आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करून ठेवलं होतं. उस्तादांनी बोनेटला हात लावला आणि म्हणाले, "चहा घेऊन येतो, तासाने बघू. थंड इंजिन काय बोलतं ते ऐकायचंय."

तासाने त्यांनी ऐकलं. धूर पाहिला. ऑइलचं झाकण उघडून आत पांढरी साय जमली आहे का ते बोट फिरवून पाहिलं. गाडी खड्ड्यातून नेऊन खालचा आवाज ऐकला. टायमिंग बेल्ट कधी बदलला विचारलं, मालकाला आठवेना. "आठवत नाही म्हणजे बदलला नाही, असं धरायचं," उस्ताद मला बाजूला घेऊन म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला तेव्हा नवी होती. फियाटचं 1.3 डिझेल इंजिन लातूरचा प्रत्येक मिस्त्री डोळे झाकून खोलतो, कारण तेच इंजिन स्विफ्ट-डिझायरमध्ये होतं आणि टाटाच्या व्हिस्टातही. मारुतीच्या नावाखाली निम्म्या जिल्ह्याने फियाटच चालवली. पण हे पेट्रोल टर्बो त्यांनी स्वतः कधी उघडलेलं नव्हतं. "शिकीन," ते म्हणाले. "पण सामान पुण्याहून येणार. आठ दिवस, कधी पंधरा. तेवढी तयारी असेल तर घ्या."

सौदा 4 लाख 90 हजारांवर झाला. उरलेल्या पैशांतून बेल्ट, विमा, पुणे आरटीओची एनओसी, लातूरला नाव लावणं. नंबर मात्र एमएच-12 चाच राहिला, त्यामुळे अजूनही औशात मला कुणी अनोळखी माणूस पुण्याचा पाहुणा समजून रस्ता सांगतो.

परतीचा रस्ता मी आयुष्यभर विसरणार नाही. टेंभुर्णीपर्यंत उस्ताद जागे होते, मग झोपले. बार्शी सोडल्यावर रस्ता मोकळा झाला. या इंजिनाची गंमत अशी की काटा दोन हजारांच्या खाली असताना ते कुठल्याही संसारी गाडीसारखं वागतं. त्याच्या वर गेलं की पाठीत कुणी तरी हात घालून ढकलावं तसं होतं. मी चाळीस वर्षांचा माणूस, पाच तुकड्यांच्या वह्या तपासणारा, येडशीच्या घाटात एकटाच मोठ्याने हसलो. उस्ताद जागे झाले, म्हणाले, "हळू. बेल्ट जुना आहे."

त्यानंतरचं दीड वर्ष बरं गेलं. गैरसोयी होत्या. गाडीचा पोटाखालचा उंबरठा 155 मिलिमीटर, आणि औशातले गतिरोधक बहुधा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले. मागे तीन माणसं बसली की मी गतिरोधक तिरका घ्यायचो, आणि अब्बा समोर बघत म्हणायचे, "बिच्छू चल रहा, बिच्छू." एकदा उंदरांनी वायर कुरतडली. एकदा दाराचं हँडल तुटलं आणि ते पुण्याहून यायला बारा दिवस लागले, तोवर बायको ड्रायव्हरच्या बाजूने चढून सरकत जाऊन बसायची, काही न बोलता. ते न बोलणं महाग पडतं.

खरं काय झालं ते आता लिहितो.

मार्च 2023 मध्ये सर्व्हिसिंगला गाडी उस्तादांकडे होती. त्यांनी रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारा वरचा रबरी पाईप दाबून दाखवला. टोकाशी बारीक भेगा. "हा मागवून घ्या. अठराशे-दोन हजाराला येईल." मी हो म्हणालो. त्याच महिन्यात चार टायर टाकायचे होते, 16 इंची, त्यांचे 28 हजार झाले होते. मनात म्हटलं, पाईप पाहिला तर चांगला दिसतोय, पुढच्या पगाराला बघू. पुढच्या पगाराला रमजान होता, मग ईद. पाईप राहिला.

7 मे 2023, रविवार. थोरल्या लेकीची नीट. फॉर्ममध्ये लातूर पहिलं टाकलं होतं, केंद्र मिळालं नांदेड. पेपर दुपारी 2 ला, पण केंद्राचं फाटक दीड वाजता बंद होतं आणि नंतर आलेल्याला कुणीही आत घेत नाही. लातूरकडच्या घरांत नीटचा दिवस काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. दोन वर्षं त्या पोरीने घरात कुणाचं लग्न पाहिलं नव्हतं. आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. पुढे अब्बा, मागे बायको आणि लेक. अब्बांना घरी थांबा म्हटलं तर ते आधीच गाडीत बसलेले.

चाकूर मागे पडलं, शिरूर ताजबंद यायचं होतं. डॅशबोर्डवर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. मला वाटतं मी तो दोन सेकंद नुसता बघत राहिलो. अब्बांनी पाहिला आणि म्हणाले, "बाजू को ले. बंद कर. बोनेट मत खोल अभी." गाडी थांबली तेव्हा खालून पाण्याची धार रस्त्यावर आली आणि बोनेटच्या कडेने वाफ. कुठला पाईप गेला हे मला न उघडताच माहीत होतं.

घड्याळात पावणेआठ. मागे लेक काही बोलली नाही. तिने फक्त प्रवेशपत्राची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरली. ती पिशवी मला अजून दिसते.

74 वर्षांचे अब्बा उतरले, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. हात दाखवायचीही एक पद्धत असते, आम्ही दाखवतो तशी ती नव्हती. पहिली एसटी गेली, भरलेली. दुसरं वाहन थांबलं, नांदेडला भाजी घेऊन निघालेला पिकअप, पण त्यात एकच जागा. अब्बांनी ड्रायव्हरशी दोन मिनिटं बोलून त्याला जाऊ दिलं. मग अहमदपूरकडे जाणारी एक जीप थांबली. अब्बांनी आधी ड्रायव्हरला पाणी विचारलं, मग परीक्षेचं सांगितलं. मागची दोन माणसं न सांगता सरकली.

"तू पोरी के साथ जा," ते मला म्हणाले. "गाडी के पास मैं बैठता."

"अब्बा, ऊन बघा. बायको जाईल तिच्यासोबत, मी थांबतो."

"तू जा बोला ना. उसकू बाप होना आज."

आम्ही तिघं गेलो. अहमदपूरहून एसटी मिळाली, उभं राहून. लोह्याला जागा झाली तेव्हा लेकीने बसायच्या आधी आईला बसवलं. साडेअकराला नांदेड. फाटकातून ती आत गेली तेव्हा दीड वाजायला बराच वेळ होता, आणि तरीही मी तिथे भिंतीला टेकून खाली बसलो. अठराशे रुपये. मी सारखा तोच आकडा मनात म्हणत होतो. बायकोने पाण्याची बाटली हातात दिली. ती काहीच बोलली नाही, आणि त्या वेळच्या न बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त जड गेलं.

अब्बांचा फोन लागत नव्हता. पेपर सुटला 5 वाजून 20 मिनिटांनी. परत त्या जागी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते.

गाडी तिथेच होती, दोन दगड मागच्या चाकांना लावलेले. अब्बा समोरच्या शेतातल्या घरापुढे बाजेवर बसले होते, हातात भाकरी. त्या घरच्यांनी दुपारी त्यांना जेवायला घातलं होतं, रात्रीही सोडत नव्हते. त्यांच्याच मुलाच्या मोटरसायकलवर बसून अब्बा चाकूरच्या ट्रॅक्टर गॅरेजात जाऊन आले होते. पाईपचं फाटलेलं टोक कापून टाकलं होतं, उरलेला ओढून बसवून दोन नव्या क्लिपा आवळल्या होत्या. विहिरीचं पाणी भरलं होतं. "चालू करके देख. मैंने नै किया," ते म्हणाले. "तेरी गाडी है."

चालू झाली. चाळीसच्या वेगाने आम्ही रात्री साडेअकराला औशात पोचलो. वाटेत दर दहा किलोमीटरला ते थांबायला सांगत आणि टॉर्च घेऊन खाली बघत. लेक मागे झोपली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले, "उस्ताद ने बोला था ना?"

"हौ. मार्च में."

यानंतर अब्बा त्या विषयावर कधीच बोलले नाहीत. मला ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

जून महिन्यात पुण्याच्या एका माणसाने गाडीला साडेचार लाख देऊ केले. या गाड्यांचं वेड असलेले लोक आहेत, कमी आहेत पण पक्के आहेत. मी विकायला तयार होतो. खरं सांगायचं तर मला तिच्याकडे बघवत नव्हतं. बायकोला विचारलं, ती म्हणाली, "वॅगनआर घेतली असतीत तरी पाईप तुम्ही बदलला नसतात." मी यावर बराच विचार केला. वॅगनआरचा पाईप पहिली काही वर्षं फुटत नाही, हे तर खरंच आहे. जुनी गाडी घेताना मी किंमत मोजली, टायर मोजले, विमा मोजला. वाचलेले 5 लाख माझे आहेत असं समजलो. ते तिचेच होते, थोडे थोडे करून तिला द्यायचे होते, आणि ते द्यायला मी कुरकुर केली. अब्बांच्या जीपवर शेवटी साडेचार लाखांवर किलोमीटर पडले होते. ती काही भरवशाची म्हणून घेतलेली नव्हती, तीही जुनीच होती, तिसऱ्या मालकाकडची.

अब्बांना विकण्याचं सांगितलं तर म्हणाले, "नया पाईप डाल के बेच. फटा हुआ किसी को मत दे." नवा पाईप आला, वरचा आणि खालचा दोन्ही. उस्तादांनी बसवला. आणि मग विकणं राहिलं.

आता डिकीत एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात एक जादा पाईप, चार क्लिपा, फ्यूज, फॅन बेल्ट, पाच लिटर कूलंट, टॉर्च, आणि अब्बांनी घातलेली सुतळी, जिचा उपयोग मला अजून कळलेला नाही. बायको म्हणते विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. लेक सध्या होस्टेलवर असते, सुट्टीला आली की तिला आणायला हीच गाडी जाते, आणि बसण्याआधी ती न चुकता विचारते, "पाईप?"

शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसतात. बोनेट मी उघडायचं, ऑइलची पट्टी मी काढायची, पुसून पुन्हा बुडवून त्यांना दाखवायची. त्यांना आता नीट दिसत नाही, ते बोटाला लावून बघतात. मागच्या शुक्रवारी सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "चल, तुळजापूर रोड पे एक चक्कर." चौपदरी रस्ता रिकामा होता. मी सत्तरने चाललो होतो. त्यांनी सीटबेल्ट एकदा ओढून पाहिला, समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जरा दबा."